एकतीस शिक्के

आमच्या भागातले लेखक वाचनालयात गेले की पुस्तक शेवटच्या पानापासून उघडतात. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. कोणी पुस्तक घरी नेलं की परत करायच्या तारखेचा जांभळा शिक्का तिच्यावर बसतो. आधी आपल्या पुस्तकाचे शिक्के मोजायचे, मग शेजारच्याच्या पुस्तकाचे, आणि मग काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं दोन्ही पुस्तकं जागेवर ठेवायची. हे कोणी कबूल करणार नाही. मी करते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते ऐकल्यावर माझी अब्रू तशीही राहणार नाही.

जिन्याजवळ एक कपाट आहे आणि त्यावर 'आपले लेखक' अशी पाटी आहे. त्यात निवृत्त पोस्टमास्तरांनी लिहिलेला या भागाचा इतिहास आहे, तीन खंडांत. तिसऱ्या खंडाची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. दातांच्या डॉक्टरांच्या कविता आहेत. त्या ते खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या पेशंटला म्हणून दाखवतात, त्यामुळे त्यांना श्रोत्यांची वाण नाही. आणि माझी पाच पुस्तकं आहेत, चार कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह. तेहेतीस वर्षं शाळेत शिकवून, गठ्ठ्यांनी वह्या तपासून, घर सांभाळून लिहिलेली. कपाटातली पुस्तकं आडनावावरून लावतात. माझ्या पाच पुस्तकांच्या डाव्या हाताला, अगदी खेटून, एक बारीकसं पुस्तक उभं असतं. त्याच्यावर आडनाव माझंच आहे. ते माझ्या धाकट्या जावेचं.

घरात मी वरच्या मजल्यावर राहते, ती खाली. खालच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणाचं दुकान आहे. ती लिहायची म्हणजे काय, तर गिऱ्हाइकांची मापं टिपायच्या वहीत समासात चार ओळी खरडायची. कोण आलं, काय म्हणालं, कापड कोणी दिलेलं. एकदा छापखान्याचा मालक कोट शिवायला आला, वाट बघता बघता ती वही चाळत बसला, आणि त्यातून एकशे बारा पानांचं पुस्तक झालं. 'मापांची वही'. नावासाठीसुद्धा कष्ट घेतले नाहीत. माझ्या तिसऱ्या कादंबरीच्या नावावर मी चार महिने घालवले होते.

त्या पुस्तकाच्या दोनशे प्रती निघाल्या आणि बघता बघता संपल्या. वाचनालयातल्या प्रतीची चिठ्ठी भरली, तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली. माझ्या पाचही पुस्तकांचे शिक्के एकत्र केले असते तरी तिची पहिली चिठ्ठी भरली नसती. बाजारात बायका मला थांबवून म्हणायच्या, "तुमच्या जावेनं काय लिहिलंय हो," आणि हसायच्या. ते हसू कौतुकाचं आहे असं समजून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी मात्र ते वाचलं नव्हतं. तिनं पहिली प्रत स्वतः वर आणून दिली तेव्हा मी "मुखपृष्ठ छान आहे हं" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या एका शिक्षिकेला देऊन टाकली. जावेचं पुस्तक मी वाचायचं, म्हणजे माझ्या लिहिण्याला काही किंमतच राहिली नाही.

मग गेल्या वर्षी फळ्यावर सूचना लागली. वाचनालयाला पन्नास वर्षं होत होती. त्या निमित्तानं 'आपले लेखक' कपाटातलं, आता कुठे मिळत नसलेलं एक पुस्तक वाचनालय पुन्हा छापणार होतं. पाच जणांची समिती वर्षाच्या शेवटी निवड करणार होती.

माझी पहिली कादंबरी आता कुठेच मिळत नाही. ती छापणारा छापखाना बंद पडला. माझ्याकडच्या एकुलत्या एका प्रतीला वाळवी लागली आणि मधली वीस पानं गेली. धड अशी एकच प्रत उरली आहे, ती त्या कपाटात. मी अडुसष्ट वर्षांची आहे. एक दिवस कोणीतरी त्या प्रतीवर 'जीर्ण' असा शेरा मारेल आणि ती रद्दीत जाईल. बाकीची चार पुस्तकं गेली तरी मी रडणार नाही. ती एक मला नव्या कागदावर, नव्या शाईत बघायची होती. सूचना वाचली त्या क्षणापासून मला दुसरं काही सुचेना.

आणि मला एकाच पुस्तकाची भीती होती.

समिती म्हणजे पाच माणसं कपाटातली पुस्तकं काढून वाचणार, असं मी धरून चालले. शिक्षिकेचं डोकं. परीक्षा म्हटली की कोणीतरी पेपर वाचतोच असं आम्हाला वाटतं. मग मी विचार केला, जे पुस्तक कपाटातच नाही ते ही माणसं वाचणार कसं? त्याच दिवशी मी 'मापांची वही' घरी आणली.

पुस्तक एक आठवडा ठेवता येतं. मुदत वाढवायची तर पुस्तक घेऊन जावं लागतं, नवा शिक्का मारून मिळतो. एका कार्डावर सारखं नको म्हणून एका आठवड्याला माझं कार्ड, एका आठवड्याला आमच्या ह्यांचं. ह्यांनी आयुष्यात वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलेलं नाही. काउंटरवरचा माणूस मान वर न करता शिक्का मारायचा. घरी आलं की ते पुस्तक चादरींच्या खाली, पालथं. दर शनिवारी काढायचं, पिशवीत टाकायचं, शिक्का मारून आणायचं, परत चादरींखाली. सात महिने मी हे केलं. आजारी असताना रिक्षा करून केलं. जाता जाता माझी कादंबरीही दोनदा घरी आणली, तिची चिठ्ठी अगदीच कोरी दिसू नये म्हणून.

मध्ये एकदा जाऊ जिन्यात भेटली. म्हणाली, "ताई, वाचनालयात माझं पुस्तक दिसत नाही हो. हरवलं की काय?"

"कोणीतरी नेलं असेल," मी म्हटलं. "लोक वेळेवर परत कुठे करतात."

तेव्हा ते तिच्या शिलाई मशीनच्या बरोबर वर, दहा फुटांवर होतं.

वर्ष संपलं. ग्रंथपालचा फोन आला, "बाई, जरा येऊन जाता का?" ती सातवीत माझ्या हाताखाली होती, अजून मला बाई म्हणते. मी ठेवणीतला ड्रेस घातला. वाटेत दोन वाक्यं मनात घोळवली, निवडीबद्दल आभार मानायला.

तिनं मला ऑफिसात बसवलं, दार लावून घेतलं. "तुम्हालाच आधी सांगावंसं वाटलं. बाई, समितीनं वाचायचं ठरवलं होतं. पण दोघांची मोतीबिंदूची ऑपरेशनं निघाली, एक मुलाकडे जाऊन राहिले, आणि उरलेल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. कोणीच काही वाचलं नाही. मग ठरलं, वर्षभराचे शिक्के मोजायचे. लोकांनी जे जास्त वेळा नेलं ते छापायचं. भांडणच नको."

मी मनातल्या मनात शनिवार मोजायला लागले.

"'मापांची वही' पहिली आली. चौतीस शिक्के." मग ती पुढे वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी रजिस्टर बघितलं. चौतीसमधले एकतीस तुमच्या घरचे. सोळा तुमच्या कार्डावर, पंधरा काकांच्या. समितीला एवढं काही सांगितलं नाही, पण मला राहवेना. जावेच्या पुस्तकावर इतकी माया मी कुठे बघितली नाही, बाई." आणि तिनं चक्क डोळे पुसले.

"दुसरं कोणतं आलं?" मी विचारलं.

"तुमचीच पहिली कादंबरी. नऊ."

चौतीसातून एकतीस गेले तीन. सातवीच्या मुलीलाही जमेल असं गणित होतं. मी खरं काय ते बोलले असते तर नऊवाली जिंकली असती. मी तोंड उघडलंसुद्धा. पण माझ्याच हाताखाली शिकलेली बाई समोर डोळे पुसत असताना म्हणणार काय, की अगं, मी ते लपवत होते?

"प्रस्तावना तुम्हीच लिहायची," ती म्हणाली. "तुमच्याइतकं ते पुस्तक कोणाला माहीत असणार? आठ दिवसांत द्या. समितीला एकदा दाखवते आणि लगेच छपाईला देते."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते.

मी घरी पोचायच्या आत ग्रंथपालच्या फोननं सगळी बातमी खाली पोचली होती. संध्याकाळी जाऊ वर आली. ती सहसा वर येत नाही, दुकान सोडून तिला सवड नसते. गळ्यात टेप तशीच होती. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, एकतीस वेळा?"

मी नुसती मान हलवली.

"मला वाटायचं, तुम्ही उघडूनसुद्धा बघितलं नसेल."

"असं कसं."

"सगळ्यात आवडलं कुठलं?"

हाच प्रश्न मी वर्गात विचारायचे, कोणी धडा न वाचता आलंय ते पकडायला. ज्यांनी वाचलेलं नसायचं त्या मुली हमखास म्हणायच्या, शेवट. आणि माझ्या तोंडून निघालं, "शेवटचं प्रकरण."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "शेवटचं? खरंच? तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावण्यासारखं काय आहे त्यात?"

ती खुर्चीत बसली. टेप गळ्यातून काढून बोटांभोवती गुंडाळत म्हणाली, "दोन वर्षं माझ्या जिवाला घोर होता, ताई. छापायच्या आधी काढून टाकणार होते ते. मग वाटलं, असू दे, तुम्ही काही वाचणार नाही. आणि तुम्ही एकतीस वेळा वाचून एका शब्दानं बोलला नाहीत." एवढं म्हणून ती खाली गेली, कारण दुकानात कोणीतरी हाक मारत होतं.

मी दार लावलं, चादरींखालून पुस्तक काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते शेवटच्या चिठ्ठीसाठी न उघडता वाचायला उघडलं. शेवटचं प्रकरण दीड पानाचं होतं. त्यात हे होतं:

"काही बायका माप देताना श्वास ओढून धरतात. त्यांना वाटतं टेपला कळत नाही. माझं एक कायमचं गिऱ्हाईक आहे, वीस वर्षं तीसच कंबर देतं. मी तिच्यासमोर वहीत तीस लिहिते. ती गेली की कापडावर आधी एकतीस आखायचे, मग बत्तीस, आता चौतीस आखते. कपडा अंगात बसला की आरशात बघून ती म्हणते, पाहिलंस, लग्नापासून बांधा तस्साच आहे. मी हो म्हणते. एरवी ती कोणावर खूश नसते, स्वतःवर तर नाहीच. आरशासमोर पाच मिनिटं असते. तेवढ्यासाठी मी वहीत खोटं लिहिते. माझ्या सगळ्या वहीत ते एकच माप खोटं आहे."

ते आरशासमोरचं वाक्य माझं आहे. शब्दन् शब्द माझा.

म्हणजे बाजारातल्या बायका हसत होत्या ते यासाठी. दोनशे घरांत माझी कंबर वाचली गेली होती. ज्या शिक्षिकेला मी ते पुस्तक दिलं तिनंही वाचलं असणार, आणि मी ते स्वतःच्या हातानं दिलं होतं. मी ठरवलं, उद्या वाचनालयात जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. माझी शोभा व्हायची ती झालीच होती, निदान कादंबरी तरी पदरात पडेल.

पण त्याआधी तिच्या पुस्तकात काय काय चुका आहेत ते बघू म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी लाल पेन घेऊन पहिल्या पानापासून बसले. तेहेतीस वर्षांची सवय. दुपारी आमचे हे जेवायला हाक मारून गेले. चार वाजता पुस्तक संपलं तेव्हा पेनाचं टोपण लागलेलंच होतं.

एक बाई त्यात नवऱ्याचा जुना कोट मुलाच्या मापाचा करून घ्यायला येते. नवरा नुकताच गेलेला. खिशावर शाईचा डाग आहे. जाऊ म्हणते, खिसा बदलू का? बाई म्हणते, सगळं लहान करा, डाग तेवढाच ठेवा. बस, एवढंच. त्या बाईला मी ओळखते. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. आठ वर्षं ती पालकसभेत माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या डायरीत तिच्या नावापुढे 'मुलगी वारंवार गैरहजर' एवढीच नोंद आहे. मी चार कादंबऱ्या लिहिल्या. त्यात बायका खिडकीत उभ्या राहून पानपानभर विचार करतात. एकीच्याही कोटावर डाग नाही.

सात महिने मी जळले होते ते तिच्या शिक्क्यांवर. त्याचा त्रास सोसता येत होता, कारण मनात म्हणता यायचं, लोकांना काय कळतंय. आता तेही म्हणता येईना. माझा मत्सर तसूभरही कमी झाला नाही. उलट आता तो साधार झाला, आणि साधार मत्सराला काही औषध नाही. मी ते पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी प्रस्तावना लिहायला बसले. पहिलं वाक्य आपोआप आलं: 'हे पुस्तक मी एकतीस वेळा घरी नेलं, ते दुसऱ्या कोणी वाचू नये म्हणून.' पुढे दोन पानं न थांबता लिहिली. चादरी लिहिल्या, ह्यांचं कार्ड लिहिलं, कंबरसुद्धा लिहिली. इतकं सरळ मी कधी लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर मला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं. ते कागद घेऊन मी खाली गेले.

जाऊ बाहीला काज करत होती. तिनं सुई कापडात खोचून ठेवली, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या वाचलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. चेहऱ्यावर राग नव्हता. शिवण कुठे उसवली आहे ते बघावं तसं ती कागदाकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिनं पुन्हा पहिलं पान वर घेतलं.

"हे समिती वाचणार ना?" तिनं विचारलं.

"हो. छपाईच्या आधी."

"मग शिक्के खोटे ठरतील."

मी मशीनवरचं रीळ उचलून पुन्हा जागेवर ठेवलं.

"आणि दुसरं तुमचं आहे."

"हो."

तिनं कागद मशीनवर ठेवले आणि त्यांच्या कडा जुळवल्या. "ताई, एक विचारते. हे तुम्ही खरं सांगायचं म्हणून लिहिलंत, की माझं पुस्तक मागे पडावं म्हणून?"

उत्तर मी खरोखर शोधलं. वरच्या थरात पश्चात्ताप होता, चांगला दाट. त्याच्या खाली, अगदी तळाशी, नऊ शिक्क्यांची माझी कादंबरी बसलेली होती.

"मला हवंय ते छापून," ती म्हणाली. "मी कधी बोलले नाही, पण मलाही हवंय. तुम्हाला वाटतं तुमच्या एकटीलाच हवं असतं."

तिनं हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा सुनावलं. मग तिनं सुई उचलली आणि काज पुरं करायला घेतलं. मी कागद उचलून वर आले.

ती दोन पानं मी फाडली. फाडताना जीव तुटला, कारण ती चांगली होती. कदाचित माझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं लिखाण तेच होतं. मग नवा कागद घेतला. माझी कादंबरी त्या कपाटात तशीच जीर्ण होणार होती, आणि हे मी माझ्याच अक्षरात ठरवत होते. लिहिलं: 'हे पुस्तक मी एकतीस वेळा वाचलं.' पुढे कोटाबद्दल लिहिलं, शाईच्या डागाबद्दल लिहिलं, आणि शेवटच्या प्रकरणातलं ते गिऱ्हाईक या पुस्तकातलं सर्वांत खरं माणूस आहे, असंही लिहिलं. संध्याकाळी ते घेऊन पुन्हा खाली गेले.

जावेनं वाचलं. या वेळी सावकाश वाचलं. मग खडूचा तुकडा हातात होता तोच पहिल्या वाक्यावर टेकवून म्हणाली, "एकतीस कोणाला खरं वाटेल, ताई? 'अनेकदा' करा."

मी तिथेच उभं राहून एकतीस खोडलं आणि अनेकदा लिहिलं. वाक्य आधीपेक्षा चांगलं झालं, आणि त्याचाही मला राग आला.